‘इतला पैसा नुसता झोपाले?’

पत्राचा सारांश : जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. एकत्र कुटुंब, केळी आणि कपाशीची शेती. घरात सासू-सासरे (घरातले आई आणि आबा), तीन भाऊ, तिघांच्या बायका आणि सहा मुलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येणारी नणंद, जावई आणि त्यांचा मुलगा धरून एकूण १७ माणसं. सगळ्यात लहान पोरगी ३ वर्षांची, सगळ्यात मोठा मुलगा १६ वर्षांचा. मे महिन्यात सगळ्यांनी खोपोलीजवळच्या इमॅजिका या पाळण्यांच्या थीम पार्कला जायचं ठरलंय. पार्कची तिकिटं आणि १७ सीटर गाडी यांचे पैसे वेगळे काढून ठेवलेत. दोन रात्रींचा मुक्काम आणि खाणंपिणं यासाठी ४० हजार उरतात. इथेच घर अडलंय. थोरले दीर म्हणतात, आयुष्यात एकदा जातोय तर पार्कला लागून असलेल्या मोठ्या हॉटेलातच उतरू. तिथे खोलीला रात्रीचे ८ हजार आणि वर टॅक्स, असं त्यांना कळलंय. धाकट्या दिरांनी मोबाईलवर लोणावळ्याकडचा स्विमिंग पूलवाला बंगला शोधलाय, रात्रीचे २२ हजार, ‘स्वयंपाकघर आहे, घरचंच करून खाऊ’. सासूबाईंचं म्हणणं, लेकीचं कल्याणला घर असताना लॉजवाल्याची भर कशाला करायची. खोपोली गावातल्या साध्या लॉजवर खोलीला २,२०० सांगतात, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. बंगल्याचं भाडं ऐकून सासरे म्हणाले, “इतला पैसा नुसता झोपाले?” सगळे हसले. नवरा म्हणतो, तू शिकलेली आहेस, तूच ठरव. कुणालाही न दुखावता, सगळे एकत्र राहतील असं, ४० हजारांत कुठे राहावं, हा ताईंचा प्रश्न.

ताई,

आबांच्या वाक्याला तुम्ही सगळे हसलात, मी मात्र तिथेच थांबले. तुमच्या अख्ख्या पत्रात कामाचा प्रश्न त्यांनी एकट्यानेच विचारलाय. म्हणून आधी कागदावर घड्याळ मांडलं, पैसे नंतर.

तुम्ही पहाटे निघालात तर धुळे, नाशिक, कसारा घाट, भिवंडी, कल्याण करत खोपोलीला पोचेपर्यंत सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर होतात. सतरा माणसं, त्यात तीन वर्षांचं लेकरू आणि गुडघे धरलेले आबा. चहा, नाश्ता, जेवण, ‘जरा गाडी थांबवा’ हे सगळं धरलं तर संध्याकाळच. त्या रात्री जेवायचं आणि आडवं व्हायचं. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून पार्क उघडायच्या वेळेला दारात, आणि तो बंद होईपर्यंत आत. बाहेर पडाल तेव्हा लहानगी कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेली असेल आणि मोठ्यांच्या पोटऱ्या भरून आलेल्या असतील. परत झोप. तिसऱ्या दिवशी गाडी घराकडे. या सगळ्यात बंगल्याच्या पूलमध्ये पोहणार कधी? मोठ्या हॉटेलच्या लॉबीत बसणार कधी? जागेपणी तुम्ही त्या छपराखाली फार तर पाच-सहा तास असाल, तेही दात घासत आणि बॅगा शोधत.

आता थोरल्या दिरांचं हॉटेल. तुमचेच आकडे घेते. दहा मोठी माणसं, सात मुलं. एका खोलीत दोन मोठे आणि एखादं मूल, तिसऱ्याला जादा गादी, या हिशेबाने सहा खोल्या लागतील. ८ हजारांच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४४०. सहा खोल्यांचे एका रात्रीचे ५६,६४०. एका रात्रीतच ४० हजार संपून वर साडेसोळा हजार कुणाच्या तरी खिशातून. इथे एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की १८. म्हणजे ७,४०० ची खोली टॅक्स धरून ७,७७० ला पडते आणि ८ हजारांची ९,४४० ला. भाडं ६०० रुपयांनी वाढलं, पण खिशातून १,६७० जास्त गेले. भाव विचारताना ‘टॅक्स धरून एकूण किती’ हेच विचारायचं.

पण थोरल्या दिरांना एवढ्यावरून उधळे ठरवू नका. घरातला थोरला मुलगा ‘एकदाच जातोय’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा आई-बाप असतात. आबांनी आयुष्यभर केळीच्या बागेत पाणी धरलं, त्यांना एकदा थंडगार मोठ्या हॉटेलात बसवावं, असं काहीतरी. त्यांना शांतपणे विचारा, हॉटेलातलं नेमकं काय हवंय? झोप हवी असेल तर ती साध्या खोलीतही येते. थाट हवा असेल तर तो एका जेवणातही मिळतो. आणि ‘पार्कला लागून’ याचं मोल रेल्वेने, बॅगा डोक्यावर घेऊन येणाऱ्याला असतं. तुमच्या दारात अख्खी गाडी उभी आहे.

आता बंगला. ताई, इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचलं. ‘स्वयंपाकघर आहे, घरचंच करून खाऊ.’ करणार कोण?

तुमच्या पत्रात या प्रश्नाचं उत्तर नाही, कारण घरात तो कुणाला प्रश्नच वाटलेला नाही. सतरा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक म्हणजे निदान साठ-सत्तर पोळ्या एका वेळेला. अनोळखी शेगडी, दोन पातेली, धार गेलेली सुरी आणि मिक्सर असला तर भांडं नाही. तुम्ही, तुमच्या दोन जावा, सासूबाई आणि माहेरपणाला आलेली नणंद, पाच जणी ओट्याशी आणि बाकीचे पूलमध्ये. धाकटे दीर भोळेपणाने बोलले असतील, त्यांना खरंच वाटत असेल की यात पैसे वाचतात. वाचतात ते तुमच्या सुट्टीतून. बंगला घ्यायचाच असेल तर पहिली अट अशी घाला की तिथे चहापलीकडे चूल पेटणार नाही. जेवण खानावळीतून डब्याने येईल, नाहीतर बंगल्याच्या राखणदाराच्या घरून सांगितलं जाईल. तशी सोय बऱ्याच ठिकाणी असते, आणि तिचे पैसे धरून मग बंगला स्वस्त पडतो का ते बघा.

मी हे दुरून बोलत नाही. वीस-एक वर्षांपूर्वी आम्ही बावीस जण एका थंड हवेच्या ठिकाणी असाच बंगला घेऊन राहिलो होतो. फोटोत पाच झोपायच्या खोल्या होत्या, आणि त्या खरोखर होत्या. संडास-बाथरूम दोन. सकाळी सहा वाजता आमच्या घरातली अब्रूदार माणसं टॉवेल खांद्यावर टाकून व्हरांड्यात रांगेत उभी होती, आणि माझे चुलतसासरे रागाने डोंगराकडे निघून गेले ते नाश्त्यालाच परतले. तेव्हापासून मी कुठल्याही मुक्कामाला फोन केला की खोल्यांच्या आधी बाथरूम मोजते. सतरा माणसांना निदान पाच हवीत. कमी असतील तर पार्क उघडतो तेव्हा तुमचे चार जण अजून आंघोळीच्या रांगेत असतील.

बंगल्याच्या बाबतीत अजून काही. भाडं किती माणसांपर्यंतचं? पुष्कळ ठिकाणी बारा-पंधराच्या वर माणशी जादा घेतात आणि ते तिथे गेल्यावर कळतं. डिपॉझिट किती आणि परत कधी? २२ हजार हे शनिवार-रविवारचं भाडं आहे की सोमवार ते गुरुवारचं? मे महिन्यात पाणी कुठून येतं? मोबाईलवरचे बंगल्यांचे फोटो खरेच असतात असं नाही. दुसऱ्याचे फोटो लावून, कुणाच्या तरी खासगी नंबरवर आगाऊ पैसे मागवून गायब होणारेही आहेत. व्हिडिओ कॉल लावून दारापासून मागच्या बाथरूमपर्यंत चालत दाखवायला सांगा. खरा मालक दाखवतो. सगळे पैसे आधी भरू नका.

आणि तो पूल. तुमच्याकडे एक लेकरू तीन वर्षांचं आहे आणि तापीकाठी राहूनही आपल्याकडच्या कितीतरी मुलांना पोहता येत नाही. खासगी बंगल्याच्या पूलवर जीवरक्षक नसतो. सतरा माणसांत ‘मला वाटलं तू बघतोयस’ हे वाक्य फार महागात पडतं. पाण्यातच खेळायचं असेल तर पार्कच्या शेजारी त्यांचाच वॉटर पार्क आहे, तिथे नजर ठेवायला माणसं असतात.

शिवाय लोणावळा घाटावर आणि पार्क घाटाखाली. बोरघाट उतरायचा, रात्री परत चढायचा, टोल द्यायचा.

कल्याणच्या घराविषयी सासूबाईंना वाईट न वाटता कसं सांगायचं, असं तुम्ही विचारलंय. आधी मला सांगा, नणंदेला कुणी विचारलं का? पत्रभर तिच्या वतीने तिची आईच बोलतेय. आखाजीला लेक माहेरी येते ती झोक्यावर बसायला. माहेरचे चार दिवस संपवून तिने लगेच कल्याणला जायचं आणि चौदा माणसांच्या अंथरुणांची, पाण्याची, नाश्त्याची सोय करायची, तेही दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जिथे नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं? ती नाही म्हणणार नाही. माहेरच्या माणसांना नाही म्हणणारी लेक अजून जन्मायची आहे, आणि म्हणूनच तिला त्या पेचात टाकू नये. बरं, फुकट तरी आहे का? तुम्ही हात हलवत जाणार नाही. मिठाई, मुलाच्या हातात पैसे, नणंदेला साडी, जावयांना काहीतरी. वर कल्याणहून खोपोली साठ किलोमीटरच्या पुढे, जाऊन-येऊन चार तास गाडीत. त्यापेक्षा जाताना तिच्या घरी चहाला थांबा. कल्याण वाटेवरच आहे. अर्धा तास, सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या, चहा-बिस्किट, आणि पुढे. सासूबाईंना लेकीचं घर पाहायला मिळतं, नणंदेच्या शेजाऱ्यांना तिचं माहेर दिसतं.

तुमच्या पत्रात ‘सगळे एकत्र’ हे शब्द चार वेळा आलेत. ताई, तुम्ही वर्षाचे ३६५ दिवस एकाच छपराखाली असता. सहलीत तेच छप्पर विकत घ्यायची एवढी निकड का? दिवसभर गाडीत, पार्कात, पंगतीला एकत्रच असणार आहात. रात्री सहा वेगळी दारं असली तर काय बिघडतं? वर्षभर एकाच ओसरीवर वावरणाऱ्या जोडप्यांना एखाद-दोन रात्री स्वतःच्या दाराला कडी लावता आली, तर ती मला चैनच वाटते, आणि या सहलीतली सगळ्यात स्वस्त चैन.

म्हणून मी त्या २,२०० च्या लॉजकडे परत येते, ज्याला तुमच्या घरात कुणी विचारलं नाही. लॉज म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात, तेही उगाच नाही. पण खोपोलीसारख्या गावात कुटुंबं उतरतील अशी साधी हॉटेलं असतात. फोनवर विचारायचं ते असं : फॅमिली उतरतात का, शेजारी बार आहे का, लिफ्ट आहे का नाहीतर आबांना तळमजल्याची खोली मिळेल का, सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत, १७ सीटर उभी करायला जागा आहे का, ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय काय, आणि एसी सगळ्या खोल्यांत आहे का. घाटाखालचा मे म्हणजे आपल्यासारखं कोरडं ऊन नव्हे. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकला तरी सावलीत बरं वाटतं. तिकडे सावलीतही सदरा अंगाला चिकटतो. एसीचे पैसे वाचवू नका.

आणि एक प्रश्न हमखास विचारा : चेक-आऊट ठरलेल्या वेळेला की चोवीस तासांचा? मोठ्या हॉटेलांत साधारण दुपारी दोनला खोली मिळते आणि सकाळी अकराला सोडावी लागते. लहान गावातल्या लॉजवर मात्र अजून पुष्कळ ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब चालतो. संध्याकाळी सहाला उतरलात तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत खोली तुमची. ज्यांना पार्कातून लवकर परतायचंय त्यांना त्याच भाड्यात दुपारची झोपही मिळते.

आता मुख्य काटछाट. दोन रात्री सहा-सहा खोल्या घ्यायची गरजच नाही. पहिल्या रात्री सहा घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चार सोडा, दोन ठेवा. सामान त्या दोन खोल्यांत. दुपारी आबा किंवा लहानगी कंटाळली तर त्यांना पडायला जागा, रात्री पार्कातून आल्यावर सगळ्यांना पाळीपाळीने आंघोळीला जागा. आंघोळ, जेवण, आणि रात्रीच गाडी घराकडे. सहा अधिक दोन, आठ खोल्यांचे १७,६००. ५ टक्के जीएसटी धरून १८,४८०. तुमच्या ४० हजारांतले साडेएकवीस हजार हातात राहतात.

यात एक गोष्ट मात्र पैसे वाचवायची नाही : ड्रायव्हरची झोप. तुम्ही पार्कात असाल तेव्हा त्याने गाडीत, मेच्या उन्हात, दार उघडं टाकून पडायचं आणि रात्री कसारा घाट चढायचा, हे चालणार नाही. दोन खोल्यांतली एक दिवसभर त्याची. गाडी ठरवतानाच दोन ड्रायव्हर मिळतात का ते विचारा; थोडे पैसे जास्त जातात. लग्नाच्या वऱ्हाडात आपण रात्रभर गाड्या पळवतो आणि त्याची सवय झालीय म्हणून ते शहाणपणाचं ठरत नाही. दुसरा ड्रायव्हर मिळाला नाही तर सरळ दुसऱ्या रात्रीही सहा खोल्या घ्या. टॅक्स धरून नऊ-सव्वानऊ हजार वाढतील, तरी तुम्ही ४० हजारांच्या आतच राहता.

उरलेल्या पैशातून थोरल्या दिरांच्या ‘एकदाच जातोय’ला मान द्या. पोचल्याच्या रात्री सगळ्यांनी एका चांगल्या हॉटेलात जेवायचं, पांढरी चादर घातलेलं टेबल, आबा टोकाच्या खुर्चीवर. बिल थोरल्यांच्या हातून द्यायचं. बाकी प्रवासात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि शेव आहेच, आणि त्या करायला घरच्या चुलीशी आदल्या दिवशी पुरुषांनीही हात लावला तर पार्कात कुणी हाकलून देणार नाही. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, तेव्हा दशम्या आत जाण्याआधीच गाडीपाशी संपवा. दुपारचं जेवण आतच घ्यावं लागेल. ते धरूनच हिशेब करा.

तुमच्या घरात अजून एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की सतराच्या सतरा जण दिवसभर पार्कात असणार. आबा आणि आई यांना विचारलंय का? इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे. त्याच रस्त्याने पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर, आणि खोपोलीच्या अगदी जवळ महडचा वरदविनायक. अष्टविनायकांतले दोन गणपती. मुलं नायट्रो या पार्कातल्या रोलर कोस्टरवर किंचाळत असताना म्हाताऱ्यांना गाडीतून दोन देवदर्शनं घडू शकतात, मात्र त्यासाठी दुसरा ड्रायव्हर हवा, म्हणजे एक झोपेल आणि एक गाडी चालवेल. पालीला देवस्थानाचं भक्तनिवासही आहे. ज्यांचं बजेट तुमच्याहून कमी आहे आणि ज्यांना पार्कपासून थोडं लांब राहिलेलं चालतं, त्यांनी तिथे चौकशी करावी. घाटावरच जायचं असेल तर कार्ल्याला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवासस्थान आहे.

पण विचारा म्हणजे खरंच विचारा, ठरवून मोकळे होऊ नका. माझ्या सासूबाईंना आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेत ‘तुम्ही बसा इथे, पिशव्या सांभाळा’ म्हणून बाकावर बसवलं होतं. परतताना त्या एवढंच म्हणाल्या की मला पाळण्यात बसायचं होतं. तेव्हा त्या पासष्टच्या होत्या. तुमच्या आईंना पार्कातली परेड पाहायची असेल, ‘आय फॉर इंडिया’मध्ये खुर्चीत बसून सगळा देश वरून पाहायचा असेल. आणि म्हातारे पार्कात आले तर ते तीन वर्षांच्या पोरीला सांभाळायलाच आलेत असं धरू नका. तिच्या आई-बापाने, तुम्ही, जावयांनी पाळ्या लावा. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते आणि मुलांचं तिकीटही पार्कात उंचीवरून ठरतं, तेव्हा निघण्याआधी पोरांना भिंतीला उभं करून पेन्सिलीने खूण करा. दारात गेल्यावर अकरा वर्षांच्या मुलाला ‘तू नाही’ म्हणायची वेळ आली तर तो रडतो, आणि त्याच्यासाठी बाप मॅनेजरशी भांडतो.

खोल्यांची वाटणीही घरीच करा, लॉजच्या काउंटरवर नको. चार जोडप्यांना चार, आबा-आईंसोबत एक नात तळमजल्यावर, आणि सहावी मोठ्या चार मुलांची, शेजारची खोली तुमची. उरलेली दोघं आपापल्या आई-बापाजवळ. जावयांना जमिनीवर गादी येणार नाही एवढं पाहा. त्यावरून दहा वर्षांनी टोमणा ऐकायला मिळतो. सगळ्या मोठ्यांची आधार कार्डं एकाने जवळ ठेवायची.

तारखेचं थोडक्यात. आखाजी झाल्यावर आणि मृगाच्या पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आत. त्यातही मंगळवार-बुधवार. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं तिथे लोटतात; भाडं वाढतं आणि पाळण्यांच्या रांगाही.

तुमच्यासारखंच विचारणाऱ्या पण हातात वीस हजारही नसलेल्या वाचकांसाठी दोन ओळी. आपल्याकडून शिर्डी खोपोलीच्या निम्म्या अंतरावर आहे. तिथे साईतीर्थ नावाचा भक्तीचा थीम पार्क आहे, लंकादहनाच्या खेळासकट, आणि वॉटर पार्कही आहे. मुक्कामाला संस्थानचं साईआश्रम, द्वारावती, भक्तनिवास, जेवायला प्रसादालय. खोल्या आधी ऑनलाइन धरून ठेवता येतात आणि सुट्टीत लवकर भरतात. नायट्रोसारखा काळीज तोंडाशी आणणारा पाळणा तिथे नाही, हे सोळा वर्षांच्या मुलाला आधीच सांगा. आमच्या पिढीच्या शाळेच्या सहली गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायच्या, ते आता बंद पडलंय. मुलांना पाळणे दाखवायचे म्हटलं की सगळा खानदेश आता खोपोलीचंच नाव घेतो. रेल्वेने जाणाऱ्यांनी कल्याणला उतरून कर्जत-खोपोली लोकल धरावी. पाच-सहा माणसांना ते सोपं आहे, सतरा जणांना बॅगांसकट लोकलमध्ये चढवणं मी तरी कुणाला सुचवणार नाही.

राहता राहिला तुमच्या यजमानांचा ‘तू शिकलेली आहेस, तूच ठरव’. ऐकायला मान वाटतो. पण एसी बंद पडला, डाळ खारट निघाली, की बोट कुणाकडे जाईल ते तुम्हाला माहीत आहे. ‘कुणालाही न दुखावता’ हे ओझं तुम्ही एकट्याने उचलू नका. वरच्या प्रश्नांचा कागद धाकट्या दिरांच्या हातात द्या, मोबाईल त्यांना छान चालवता येतो. चार लॉजना व्हिडिओ कॉल त्यांनी करावेत. जेवणाचं हॉटेल थोरल्यांनी ठरवावं. दोन ड्रायव्हरवाली गाडी तुमच्या यजमानांनी. तुम्ही हिशेबाची वही धरा, तेवढं पुरे.

नणंदेला आज रात्रीच फोन लावा, आईंसमोर नको. ‘तुमच्याकडे फक्त चहाला येऊ, चालेल ना?’ एवढंच विचारा आणि ती काय म्हणते यापेक्षा कशी म्हणते ते ऐका. निघायची वेळ आबांना ठरवू द्या. ते पाच म्हणाले की साडेचारलाच ते टोपी घालून गाडीत बसलेले असतील, आणि तुम्ही दशम्यांचा डबा शोधत असाल.